विमानाची दिशा कानानें कशी ओळखावी ?

सूस गांवच्या टेकडीवर संध्याकाळीं उभें राहिलें, म्हणजे पूर्वेकडे पुणें शहराचे दिवे लुकलुकूं लागलेले दिसतात, आणि उत्तरेच्या अंगानें एखादें विमान घरघर करीत जातें. उन्हाळ्यांत तें डोळ्यांना स्पष्ट दिसतें. परंतु आषाढ-श्रावणांत मुळशी तालुक्यावर ढगांचें छत पसरलें, कीं विमान दिसेनासें होतें. राहतो तो केवळ आवाज. अशा वेळीं मुलें विचारतात, "गुरुजी, हें विमान येत आहे कीं जात आहे ? आणि आपणांस तें दिसत नाहीं, तर वैमानिकास तरी खालचें काय दिसत असेल ? त्याला वाट कशी सांपडते ?"

या प्रश्नाचें थोडक्यांत उत्तर असें, कीं वैमानिक डोळ्यांइतकाच कानांवर विसंबून असतो. जमिनीवरून नियंत्रक त्याच्याशीं बिनतारी यंत्रानें बोलतो आणि तो उत्तर देतो. या संभाषणांत शब्द थोडे व आकडे फार. ज्याला त्या आकड्यांचा अर्थ कळला, त्याला विमान न पाहतांही तें कोणीकडे जात आहे हें सांगतां येतें. तो अर्थ कसा लावावा, तेंच आज शिकावयाचें आहे. त्यास कागद, कोनमापक आणि थोडी एकाग्रता एवढेंच साहित्य पुरें.

१. दिशेला आकडा कां ?

जमिनीवरच्या वाटसरूस "पाषाणहून निघा आणि सूस खिंडीकडे वळा" एवढें सांगितलें कीं भागतें. आकाशांत वडाचें झाड नाहीं, मैलाचा दगड नाहीं, वाट विचारावयास माणूस नाहीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू येथें आपलें लहानसें पस मॉथ विमान उतरविलें, तेव्हां त्या विमानांत बिनतारी यंत्रच नव्हतें. होकायंत्र, नकाशा आणि खालचा मुलूख पाहणारे डोळे हीच काय ती त्यांचीं साधनें. त्या काळीं आभाळांत विमानें मोजकींच होतीं, म्हणून तें चाललें. आज एकाच शहरावर एकाच वेळीं अनेक विमानें असतात. तेथें "जरा उत्तरेस वळा" असें मोघम बोलून चालत नाहीं.

म्हणून क्षितिजाचें वर्तुळ ३६० अंशांत विभागलें आहे. उत्तरेपासून आरंभ करून घड्याळाच्या कांट्याप्रमाणें मोजावें. पूर्व म्हणजे ०९०, दक्षिण म्हणजे १८०, पश्चिम म्हणजे २७०, आणि पुन्हां उत्तर आली कीं ३६०. येथें एक नियम ध्यानांत ठेवावा : दिशेचे अंक नेहमीं तीन, आणि ते एकेक सुटे उच्चारावयाचे. ईशान्य दिशा "पंचेचाळीस" अशी सांगत नाहींत. "शून्य-चार-पांच" अशी सांगतात. या आरंभींच्या शून्याची किंमत किती मोठी आहे, तें पुढें दिसेलच.

हे अंश होकायंत्राच्या उत्तरेपासून मोजतात. खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांत कांहीं देशीं पुष्कळ अंतर पडतें. आपल्या पुणें प्रांतीं मात्र तें एका अंशाहून अधिक नसतें. तेव्हां साधें होकायंत्र घेऊन टेकडीवर हा अभ्यास करण्यास अडचण नाहीं.

२. आकाशांतील बोली

विमान व मनोरा यांच्यांतील बोलणें सामान्यतः ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत होतें. या लहरी दिव्याच्या किरणांप्रमाणें बहुतेक सरळ रेषेंत जातात. दहा हजार मीटर उंचीवरील विमानाचें क्षितिज सुमारें साडेतीनशें किलोमीटर दूर असतें, म्हणून त्याचा आवाज फार लांबवर पोंचतो. उलट जमिनीवरील मनोऱ्याचा आवाज मधें टेकडी आली कीं अडतो. यामुळें टेकडीआडच्या माणसास संभाषणाची एकच बाजू, वैमानिकाची, ऐकूं येते.

तर मग दुसरी बाजू कळावी कशी ? तुम्हीं वर्गांत अनुभवलेंच असेल, कीं गुरुजी पाढा सांगतात आणि मुलें तो परत म्हणतात. भिंतीपलीकडील माणसास मुलांचाच आवाज आला तरी गुरुजींनीं काय सांगितलें तें समजतें. विमानांतही तोच परिपाठ आहे. नियंत्रकानें दिलेली दिशा, उंची व धांवपट्टीचा क्रमांक वैमानिकानें जसाच्या तसा परत म्हटलाच पाहिजे, असा नियम आहे. चूक ऐकलें असेल तर नियंत्रक लागलीच सुधारतो.

हें बोलणें बहुधा इंग्रजींत होतें, पण त्यांतील उच्चार शाळेंतल्या इंग्रजीहून किंचित् निराळे असतात. खरखरींत "फाइव्ह" आणि "नाइन" यांची गल्लत होऊं नये म्हणून पांचास "फाइफ" व नऊस "नायनर" म्हणतात. तिनास "ट्री" म्हणतात. अक्षरांनाही अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशीं नांवें दिलेलीं आहेत. हीं नांवें १९५६ सालापासून सर्व जगांत एकच आहेत.

३. दिशा ओळखण्याच्या चार खुणा

पहिली खूण – विमानाचें तोंड. नियंत्रक म्हणतो, "डावीकडे वळा, हेडिंग दोन-सात-शून्य." म्हणजे विमानाचें नाक पश्चिमेकडे झालें. ही खूण सर्वांत सरळ आहे. परंतु नाक एकीकडे आणि वाट दुसरीकडे असें होऊं शकतें, हें विसरूं नये. पुरांत नाव समोरच्या तीराकडे रोखली तरी पाणी तिला खालीं ओढतें. वाराही विमानास तसाच ओढतो. समजा, विमानाचा वेग ताशीं २४० किलोमीटर असून नाक ठीक उत्तरेस आहे, आणि वारा पश्चिमेकडून ताशीं ६० किलोमीटर वेगानें येत आहे. एका तासांत विमान २४० किलोमीटर उत्तरेस जाईल, आणि त्याच तासांत ६० किलोमीटर पूर्वेस सरकेल. कागदावर हा काटकोन त्रिकोण काढून कोन मोजा. तो सुमारें १४ अंश भरेल. म्हणजे हेडिंग ३६०, पण खरी वाट ०१४.

दुसरी खूण – धांवपट्टीचा क्रमांक. धांवपट्टीस क्रमांक मनास येईल तसा देत नाहींत. पट्टीची दिशा अंशांत मोजून तिला दहांनीं भागतात व जवळचा पूर्ण अंक घेतात. पुण्याच्या लोहगांव विमानतळावर १० आणि २८ असे क्रमांक आहेत. हीं दोन पट्ट्यांचीं नांवें नसून एकाच पट्टीच्या दोन टोंकांचीं आहेत. विमान १० क्रमांकानें उतरलें, तर त्याचें तोंड सुमारें १०० अंशांकडे, म्हणजे पूर्वेस किंचित् दक्षिणेकडे झुकलेलें असतें; २८ क्रमांकानें उतरलें, तर २८० अंशांकडे, म्हणजे पश्चिमेस किंचित् उत्तरेकडे. दोन क्रमांकांतील अंतर नेहमीं १८ असतें, कारण समोरासमोरच्या दिशांत १८० अंशांचें अंतर असतें. मुंबईच्या पट्ट्या ०९ व २७ आणि १४ व ३२ अशा आहेत. वजाबाकी करून पाहा.

तिसरी खूण – वारा. येथें बहुतेक विद्यार्थी फसतात. विमानाची दिशा सांगतात ती तें जिकडे जातें तिची. वाऱ्याची दिशा सांगतात ती तो जिकडून येतो तिची. "वारा दोन-सहा-शून्य अंश, बारा नॉट" म्हणजे वारा पश्चिमेकडून येत आहे. सुदैवानें आपली मराठी येथें साहाय्यास येते. आपण "पश्चिमेचा वारा" म्हणतों तेव्हां पश्चिमेकडून येणाराच वारा आपल्या मनांत असतो. एक नॉट म्हणजे ताशीं १,८५२ मीटर. तेव्हां बारा नॉट म्हणजे ताशीं सुमारें २२ किलोमीटर. विमान चढतांना व उतरतांना होईल तितकें वाऱ्याला तोंड देऊन चालतें, कारण समोरचा वारा पंखांना आधार देतो आणि थोड्या धांवेंत काम भागतें. यावरून वारा कळला कीं धांवपट्टीचें टोंक ताडतां येतें, आणि टोंक कळलें कीं वाऱ्याचा अंदाज बांधतां येतो.

चौथी खूण – उंची. दूरच्या प्रवासांत पूर्वेच्या अर्धवर्तुळांत, म्हणजे ००० ते १७९ अंशांत जाणारीं विमानें सामान्यतः विषम हजार फुटांवर, आणि पश्चिमेच्या अर्धवर्तुळांत, म्हणजे १८० ते ३५९ अंशांत जाणारीं सम हजार फुटांवर चालवितात. उंची शेंकड्यांत सांगतात. "लेव्हल तीन-पांच-शून्य" म्हणजे ३५,००० फूट. पस्तीस ही विषम संख्या. तेव्हां तें विमान बहुधा पूर्वेकडे, जसें मुंबईहून नागपुरास, चाललें असावें. परतणारें विमान ३४,००० किंवा ३६,००० फुटांवर असेल. यामुळें समोरासमोर येणाऱ्या विमानांत हजार फुटांचें अंतर आपोआप राहतें. मात्र विमान चढत वा उतरत असेल, किंवा नियंत्रकानें विशेष परवानगी दिली असेल, तर ही खूण लागू पडत नाहीं.

या चार खुणांखेरीज एक फसवी खूण आहे. वैमानिक कधीं सांगतो, कीं आपण अमुक केंद्राच्या "रेडियल दोन-पांच-शून्य" वर आहों. ही विमानाची दिशा नव्हे. हें त्याचें स्थान आहे. केंद्रापासून २५० अंशांवर रेघ ओढली तर विमान त्या रेघेवर सांपडेल, एवढाच याचा अर्थ. तें येत असेल अथवा जात असेल. माणूस कोठें उभा आहे आणि त्याचें तोंड कोणीकडे आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

४. सूसच्या टेकडीवरील उदाहरण

आतां हें सर्व आपल्या गांवास लावून पाहूं. लोहगांवचा विमानतळ सूसपासून पूर्वेस सुमारें १८ किलोमीटर, आणि उत्तरेकडे सुमारें साडेतीन किलोमीटर सरकून आहे. धांवपट्टीची रेघ पश्चिमेकडे वाढविली, तर ती दर १८ किलोमीटरांस सुमारें ३.२ किलोमीटर उत्तरेकडे चढते, कारण दहा अंशांची स्पर्शज्या ०.१७६ आहे. दोन्ही अंतरांची बेरीज केली असतां ती रेघ आपल्या गांवच्या उत्तरेस सुमारें साडेसहा किलोमीटरांवरून, म्हणजे दोन कोसांवरून जाते. टेकडीवरून विमानें उत्तरेच्या अंगास कां दिसतात, तें या बेरजेवरून कळेल.

समजा, शब्द असे आहेत : "धांवपट्टी दोन-आठ, वारा दोन-सहा-शून्य अंश, बारा नॉट." पायरीपायरीनें विचार करूं. वारा पश्चिमेचा आहे, म्हणून विमानें पश्चिमेकडे तोंड करून चढतील व उतरतील. उतरणारीं विमानें पूर्वेकडून, वाघोलीच्या बाजूनें येतील. तीं आपणांस अखेरच्या टप्प्यांत दिसणार नाहींत. चढणारीं मात्र पट्टी सोडल्यावर प्रथम आपल्याच बाजूस येतील. पुढें त्यांना वळण्याची आज्ञा होईल, म्हणून हा अंदाज पहिल्या कांहीं किलोमीटरांपुरताच धरावा. पावसाळ्यांत पुण्यास पश्चिमेचा वारा असतो, तेव्हां हें उदाहरण त्या ऋतूचें समजा.

आतां शब्द बदलूं : "धांवपट्टी एक-शून्य, वारा शून्य-नऊ-शून्य अंश, सहा नॉट." वारा पूर्वेचा, सारें उलटें झालें. उतरणारीं विमानें पश्चिमेकडून, पिंपरी-चिंचवडच्या बाजूनें येतील आणि आपल्या उत्तरेकडून पूर्वेस जातील. आवाज डावीकडून उजवीकडे सरकेल. टेकडीवर उत्तरेस तोंड करून उभें राहा आणि पडताळा घ्या.

५. आकडा चुकला तर

कोणी म्हणेल, "एखादा अंक इकडचा तिकडे झाला, तर एवढें काय बिघडलें ?" त्यास ३ सप्टेंबर १९८९ ची हकीकत सांगावी. ब्राझील देशांत माराबाहून बेलेंमला एक विमान निघालें; त्यांत ५४ जण होते. वाट उत्तर-ईशान्येची होती. कागदावर दिशा चार अंकांत "०२७०" अशी छापलेली होती, आणि तिचा अर्थ २७.० अंश, म्हणजे ०२७ असा होता. मुख्य वैमानिकानें ती २७० वाचली. सहवैमानिकानें कागद न पाहतां त्याच्याच यंत्रावरचा आकडा उतरून घेतला. विमान उत्तरेस जाण्याऐवजीं पश्चिमेस गेलें. अखेर रात्रीं इंधन संपून तें ॲमेझॉनच्या अरण्यांत कोसळलें. पुष्कळ जण वांचले, परंतु कित्येक प्राणास मुकले. वेळ सायंकाळची होती. योग्य वाटेवर असते तर मावळता सूर्य डाव्या हातास, किंचित् मागें दिसला असता. चुकीच्या वाटेवर तो थेट समोर होता. सूर्य खरें सांगत होता. आकडा मात्र कोणीं तपासला नाहीं.

दुसरी गोष्ट अमेलिया इअरहार्ट या अमेरिकन वैमानिक बाईंची. पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या या बाई जून १९३७ मध्यें कराचीहून कलकत्त्यास गेल्या, आणि २ जुलै रोजीं पॅसिफिक महासागरांतील हाउलंड नांवाचें चिमुकलें बेट शोधीत असतां नाहींशा झाल्या. बेटापाशीं इटास्का हें जहाज उभें होतें, आणि त्यावर बाईंचा आवाज स्पष्ट ऐकूं येत होता. त्यांच्या शेवटच्या संदेशांत १५७ व ३३७ हे दोन आकडे होते. वजाबाकी करा, उत्तर १८० येईल. म्हणजे हीं एकाच रेघेचीं दोन टोंकें. आपण रेघेवर आहों एवढें बाई सांगत होत्या. परंतु रेघेवर नेमकें कोठें, हें त्यांना ठाऊक नव्हतें. त्यांचे संदेश त्रोटक होते व त्यांच्या लहरी जहाजावरील दिशादर्शक यंत्रास मानवणाऱ्या नव्हत्या. म्हणून आवाज ऐकूनही तो कोणत्या दिशेनें येतो तें जहाजास ठरवितां आलें नाहीं. ऐकूं येणें आणि दिशा कळणें यांत केवढें अंतर आहे, तें यावरून समजावें.

आणि आपल्याच देशांत १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं हरियाणांतील चरखी दादरी येथें दोन विमानें आकाशांत एकमेकांवर आदळलीं. एकास १५,००० फुटांवर राहण्याची आज्ञा होती, दुसरें १४,००० फुटांवर समोरून येत होतें. पहिलें विमान नेमलेल्या उंचीच्या खालीं उतरलें. ३४९ माणसें मेलीं. एकही वांचला नाहीं. आज्ञा परत म्हणणें पुरेसें नसून ती पाळली जात आहे कीं नाहीं हेंही पाहावें लागतें, हा त्या दिवसाचा कठोर धडा होय.

६. घरीं करावयाचा प्रयोग

आवाजावरून दिशा काढण्याचा एक प्रयोग घरच्या साध्या ट्रान्झिस्टरवर करतां येतो. मध्यम लहरींवर आकाशवाणीचें एखादें केंद्र लावा आणि पेटी उभी धरून हळूहळू गोल फिरवा. आवाज कधीं मोठा, कधीं क्षीण होईल. पेटींत एक आडवी काळी कांडी असते. ती केंद्राच्या दिशेस आडवी असतां आवाज मोठा येतो, आणि तिचें टोंक केंद्राकडे रोखलें असतां अगदीं क्षीण होतो. क्षीण होण्याची जागा फार नेमकी असते, म्हणून तीच धरावी. त्या रेघेचे अंश होकायंत्रानें टिपून घ्या. रेघेस दोन टोंकें असल्यानें केंद्र कोणत्या टोंकाकडे आहे हें एका जागेवरून कळणार नाहीं. इअरहार्ट बाईंची अडचण तुमच्याही अनुभवास येईल. मग पिरंगुटासारख्या दुसऱ्या गांवीं जाऊन तोच प्रयोग करा आणि दोन्ही रेघा नकाशावर ओढा. त्या जेथें छेदतील, तेथें केंद्राचा मनोरा असावा. जुन्या काळीं जहाजें व विमानें याच युक्तीनें आपलें स्थान काढीत.

विमानांचें संभाषण ऐकण्याचीं यंत्रें मात्र विकत आणूं नयेत. आपल्या देशांत बिनतारी यंत्र बाळगण्यास १९३३ च्या कायद्यापासून परवान्याचें बंधन आहे; शिवाय लोहगांव हें हवाई दलाचें ठाणें आहे. ज्यांना या विद्येची गोडी लागेल, त्यांनीं मोठेपणीं परीक्षा देऊन हौशी बिनतारी परवाना मिळवावा. तोंवर एका मुलानें नियंत्रक व्हावें, दुसऱ्यानें वैमानिक व्हावें, तिसऱ्यानें डोळे मिटून ऐकावें आणि हात करून दिशा दाखवावी. पालकांनींही या खेळांत भाग घ्यावा.

अभ्यासाचे प्रश्न

(१) वैमानिक म्हणतो, "हेडिंग शून्य-चार-पांच." तो कोणीकडे चालला आहे ? त्याच्या उलट दिशेचा आकडा कोणता ?
(२) एका धांवपट्टीच्या एका टोंकाचा क्रमांक १४ आहे. दुसऱ्याचा कोणता ?
(३) विमान केंद्राच्या रेडियल २५० वर असून त्याचें हेडिंग ०७० आहे. तें केंद्राकडे येत आहे कीं दूर जात आहे ?
(४) मुंबईहून नागपुरास जाणारें विमान सामान्य नियमानें लेव्हल ३६० वर असेल काय ?

उत्तरें : (१) ईशान्येस, २२५. (२) ३२. (३) केंद्राकडे येत आहे. (४) नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, आभाळांत उडणाऱ्या शेंकडों माणसांचा जीव तीन अंकांवर टांगलेला असतो. ते तीन अंक नीट ऐकणें, परत म्हणणें आणि पुन्हां पडताळून पाहणें, एवढ्यावर सारी भिस्त आहे. पाटीवरच्या उत्तरांतील एखादें शून्य सुटलें आणि गुरुजींनीं त्याखालीं तांबडी रेघ मारली, तर खंत करूं नका. तेंच शून्य पाटीवर सुटणें बरें, आकाशांत नव्हे. पुढच्या वेळीं ढगाआड विमानाचा आवाज आला, म्हणजे उत्तरेस तोंड करून उभे राहा, वारा गालावर कोणीकडून लागतो तें पाहा, आणि मग सांगा, तें येत आहे कीं जात आहे ?